हार्ड डिस्क बदला, पण फेकू नका

"लॅपटॉप फार हळू चालतो, नवा घ्यावा लागेल का?" हा प्रश्न मला वर्षातून दहा-बारा वेळा तरी विचारला जातो. विचारणारे बहुधा नात्यातले किंवा मोहल्ल्यातले असतात. कुणाच्या मुलीचे बी.एस्सी. चालू असते, कुणाचे झेरॉक्स आणि ऑनलाइन फॉर्मचे छोटे दुकान असते, कुणी ट्रस्टचा हिशेब ठेवत असतो. यंत्र सात-आठ वर्षांपूर्वीचे. बटन दाबावे, चहा ठेवावा, चहा पिऊन व्हावा, तरी पडद्यावरचे चक्र फिरतेच आहे. दुकानदाराने सांगितलेले असते की यात आता दम राहिला नाही, नवीन घ्या. नवीन म्हणजे पस्तीस-चाळीस हजार. ज्या घरात महिन्याला पंधरा हजार येतात त्या घराला हा सल्ला देणे फार सोपे असते, कारण पैसे सल्ला देणाऱ्याचे जात नाहीत.

माझे उत्तर ठरलेले आहे. नवा घेऊ नका. आतली हार्ड डिस्क काढा आणि तिच्या जागी एसएसडी बसवा. पण माझ्या उत्तराला दुसरा अर्धा भागही आहे: काढलेली हार्ड डिस्क दुकानात सोडून येऊ नका, आणि घरातले जुने कागद, फोटो, आवाज एकट्या एसएसडीच्या भरवशावर ठेवू नका. पहिला अर्धा सगळ्यांना पटतो. दुसरा ऐकेपर्यंत माणूस उठून गेलेला असतो. म्हणून लिहून ठेवतो आहे.

आधी यंत्र हळू का होते ते पाहू. हार्ड डिस्क म्हणजे शब्दशः फिरणारी तबकडी. तिच्यावर चुंबकीय थर असतो आणि एक बारीक दांडी तिच्यावरून आत-बाहेर सरकत वाचते-लिहिते. दांडीच्या टोकाचा हेड तबकडीला टेकत नाही, काही नॅनोमीटर वर तरंगतो. माणसाचा केस साधारण ऐंशी हजार नॅनोमीटर जाड असतो, यावरून अंतराचा अंदाज यावा. १९५६ साली आयबीएमने पहिली हार्ड डिस्क बाजारात आणली तेव्हा तिच्यात चोवीस इंच व्यासाच्या ५० तबकड्या होत्या आणि सगळ्या मिळून सुमारे ५० लाख अक्षरे मावत. आजच्या मोबाइलमधला एखादा फोटोही तिच्यात बसला नसता. तिथून तळहातावर मावणाऱ्या डिस्कपर्यंतचा प्रवास ही अभियांत्रिकीची थक्क करणारी गोष्ट आहे. त्यामागच्या भौतिकशास्त्राला, म्हणजे आल्बेर फेर आणि पेटर ग्रुनबर्ग यांच्या शोधाला, २००७ चे नोबेल मिळाले. तेव्हा हार्ड डिस्कला 'जुनाट डबा' म्हणून हिणवणाऱ्यांत मी नाही.

पण तिचा स्वभाव बदलत नाही. लॅपटॉपमधली डिस्क बहुधा मिनिटाला ५४०० फेऱ्या घेते, म्हणजे सेकंदाला ९०. हवी ती माहिती हेडखाली येण्यासाठी सरासरी अर्धी फेरी थांबावे लागते, साडेपाच मिलिसेकंद. दांडी योग्य जागी सरकायला आणखी दहा-बारा मिलिसेकंद. दोन्ही मिळून सेकंदाला साठेक वेगवेगळ्या जागा वाचून होतात. रेकॉर्ड रूममधला एकटा शिपाई डोळ्यांसमोर आणा. प्रत्येक मागणीला तो शिडी चढतो, रुमालात बांधलेले दप्तर खाली आणतो, गाठ सोडतो, एक कागद देतो, परत बांधून वर ठेवतो. एकच जाडजूड दप्तर मागितले तर तो भराभर देईल. पण एकाच वेळी दोनशे कारकून दोनशे वेगवेगळे कागद मागू लागले तर शिपाई तरी काय करणार? आजचे विंडोज सुरू होताना अगदी हेच करते. अपडेट, अँटिव्हायरस, शोधसूची, ब्राउझर, सगळे एकदम त्या एका शिपायाच्या नावाने हाका मारतात. टास्क मॅनेजर उघडून बघा, डिस्कसमोर १०० टक्के लिहिलेले असेल आणि प्रोसेसर निवांत बसलेला असेल.

एसएसडीत शिपाईच नाही. शिडी नाही, फिरणे नाही. फ्लॅश मेमरीच्या चिप्स असतात आणि कुठल्याही कप्प्यातला कागद एक दशांश मिलिसेकंदाच्या आत हातात येतो. साधी साटा जोडणीची एसएसडीदेखील एका सेकंदात हजारो वेगवेगळ्या जागा वाचते. सलग मोठी फाइल कॉपी करण्यात तिचा वेग हार्ड डिस्कच्या चार-पाच पट असतो, पण खरा फरक त्या फुटकळ मागण्यांमध्ये पडतो, आणि आपले रोजचे काम फुटकळ मागण्यांचेच असते. म्हणूनच दोन-तीन हजारांची एसएसडी बसवली की आठ वर्षांचा लॅपटॉप अर्ध्या मिनिटात उभा राहतो आणि घरातले लोक विचारतात की नवा घेतला का.

एक मर्यादा इथेच सांगतो. मेमरी दोन जीबी असेल तर एसएसडीने चमत्कार होणार नाही, ती निदान आठपर्यंत वाढवा. विंडोज १० ला मिळणारा नेहमीचा आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला आणि विंडोज ११ अधिकृतपणे इंटेलच्या आठव्या पिढीआधीचे बहुतेक प्रोसेसर स्वीकारत नाही. अशा यंत्रावर लिनक्स मिंट किंवा उबुंटू टाकता येते, फुकट आहे, मराठी आणि उर्दू दोन्ही नीट दिसतात. मुलांच्या अभ्यासाला आणि टायपिंगला ते पुरते. टॅली आणि काही सरकारी सह्यांची सॉफ्टवेअरे मात्र विंडोजच मागतात, तेव्हा दुकान चालवणाऱ्याने आधी चौकशी करावी.

"एसएसडी लवकर झिजते म्हणतात" ही भीती मला अजूनही ऐकू येते. फ्लॅशच्या प्रत्येक कप्प्यावर लिहिण्या-पुसण्याला मर्यादा आहे हे खरे. पण हिशेब करून बघा. एका प्रसिद्ध कंपनीच्या एक टीबी एसएसडीवर ६०० टीबी लिहिण्याची हमी असते. आपण रोज ४० जीबी लिहिले, जे घरगुती वापरात कुणी लिहीत नाही, तरी वर्षाला साडेचौदा टीबी होतात. म्हणजे चाळीस वर्षे. त्याआधी लॅपटॉपचे बिजागर तुटेल. झिजण्याची काळजी करणारी माणसे ज्या गोष्टीची काळजी करायला हवी तिची करत नाहीत.

ती गोष्ट अशी. हार्ड डिस्क माहिती चुंबकत्वात ठेवते, एसएसडी विजेच्या भारात. सिलिकॉनच्या अतिसूक्ष्म कप्प्यात इलेक्ट्रॉन कोंडून ठेवलेले असतात आणि किती कोंडले आहेत त्यावरून आकडा ओळखला जातो. तोशिबातले फुजिओ मासुओका यांनी ऐंशीच्या दशकात ही कल्पना मांडली तेव्हा एका कप्प्यात एकच बिट असे, भरलेला किंवा रिकामा. आता स्वस्त एसएसडीत एका कप्प्यात तीन किंवा चार बिट बसवतात, म्हणजे आठ किंवा सोळा पातळ्या ओळखाव्या लागतात. कोंडलेला भार हळूहळू गळतो, उष्णतेत जास्त वेगाने गळतो, आणि पातळ्या जितक्या जवळजवळ तितका थोड्याशा गळतीनेही गोंधळ होतो. यंत्र रोज चालू असेल तर आतला नियंत्रक चुका दुरुस्त करतो, कमकुवत झालेले पुन्हा लिहितो. कपाटात बंद पडलेल्या एसएसडीत हे कुणी करत नाही.

या उद्योगाच्या जेडेक या मानक संस्थेचा नियम वाचण्यासारखा आहे. घरगुती वापराच्या एसएसडीने, तिचे लिहिण्याचे आयुष्य पूर्ण वापरून झाल्यावर, विजेशिवाय ३० अंश तापमानात एक वर्ष माहिती टिकवली पाहिजे. फक्त एक वर्ष. ही झिजलेल्या एसएसडीची किमान अट आहे. नवी, कमी वापरलेली एसएसडी त्याहून कितीतरी जास्त टिकते, उगाच घाबरवण्यात अर्थ नाही. पण ३० अंश लक्षात घ्या. अकोला, जळगाव, चंद्रपूर, नागपूर इथे उन्हाळ्यात पारा ४५ च्या पुढे जातो. पत्र्याखालच्या खोलीतले लोखंडी कपाट दुपारी किती तापत असेल ते हात लावून बघा. त्या कपाटात दागिन्यांच्या डबीशेजारी "सगळे फोटो यातच आहेत" म्हणून ठेवलेली छोटीशी एसएसडी मी एकापेक्षा जास्त घरांत पाहिली आहे.

मरणाच्या पद्धतीतही फरक आहे. हार्ड डिस्क बहुतेकदा सांगून जाते. कटकट आवाज येतो, फाइल उघडायला वेळ लागतो, यंत्र अडखळते. शहाणा माणूस त्या दिवशी सगळे उतरवून घेतो. एसएसडी पुष्कळदा संध्याकाळपर्यंत व्यवस्थित चालते आणि सकाळी संगणकाला दिसतच नाही. चुकून पुसलेली फाइल हार्ड डिस्कवरून बऱ्याचदा परत काढता येते, कारण तिच्यावर दुसरे काही लिहिले जाईपर्यंत ती जागेवर असते. एसएसडीत ट्रिम नावाची आज्ञा पुसलेली जागा खरोखर रिकामी करून टाकते. पुसलेले मग परत आणता येत नाही. नव्या पातळ लॅपटॉपमध्ये तर कधी कधी चिप्स बोर्डालाच डाख दिलेल्या असतात. बोर्ड गेला की आठवणीही गेल्या.

कुणी म्हणेल, फोटोच तर आहेत. फोटोंचे सोडा, कागदांचे बोलू. बागवान, तांबोळी, पिंजारी अशा इतर मागासवर्गात मोडणाऱ्या घरांना जात वैधता प्रमाणपत्र काढताना १३ ऑक्टोबर १९६७ पूर्वीचा पुरावा मागतात. तो बहुधा आजोबांच्या किंवा चुलत आजोबांच्या शाळेच्या दाखल्यात किंवा जन्म-मृत्यू नोंदवहीच्या उताऱ्यात असतो. नावाचे तर विचारूच नका. एकाच माणसाचे आडनाव एका कागदावर शेख, दुसऱ्यावर शैख, तिसऱ्यावर इंग्रजीतली दोनच अक्षरे. मतदार यादी, शिधापत्रिका, खरेदीखत, निकाहनामा हे सगळे एकमेकांशेजारी ठेवल्याशिवाय तो एकच माणूस आहे हे सिद्ध होत नाही. असे कागद एकदा कष्टाने जमवले, स्कॅन केले, की ते अमानत होतात. मूळ कागद वाळवीने खाल्ला तरी स्कॅनवरचा रजिस्टर क्रमांक आणि साल दाखवून शाळेतून प्रमाणित प्रत मिळवता येते. स्कॅनही गेला तर शून्यातून सुरुवात.

माझ्या एका मावसभावाच्या घरी हेच झाले. लॅपटॉप हळू झाला म्हणून त्याने तालुक्याच्या गावातल्या एका दुकानात एसएसडी बसवून घेतली. आधीची डिस्क एक टीबीची होती, नवी एसएसडी २५६ जीबीची. सगळे मावणार नाही म्हणून दुकानातल्या मुलाने विंडोज नव्याने टाकले, डेस्कटॉप आणि डॉक्युमेंट्स तेवढे उतरवले. कागदपत्रांचे फोल्डर डी ड्राइव्हमध्ये होते. लॅपटॉप इतका झकास चालू लागला की दोन महिने कुणाला आठवणही झाली नाही. मुलीच्या प्रवेशाच्या वेळी फोल्डर शोधायला घेतले, नाही. दुकानात गेला तर, "भाई, जुन्या डिस्का आम्ही भंगारात देतो." आजोबांच्या दाखल्याची झेरॉक्स पावसात भिजून आधीच गेलेली. शाळा शोधून, जुनी रजिस्टरे काढायला लावून नवा उतारा मिळाला, पण तोवर मुदत टळली आणि मुलीला प्रवेश खुल्या प्रवर्गातून घ्यावा लागला. फीचा फरक लॅपटॉपच्या किमतीपेक्षा मोठा निघाला. दुकानातल्या मुलाने लबाडी केली असे मी म्हणत नाही. त्याला जे सांगितले ते त्याने केले. काय जपायचे हे त्याने ठरवायचे नव्हतेच.

म्हणून बदल करायचा तर असा करावा. दुकानात जाण्याआधी जुनी डिस्क उघडून प्रत्येक ड्राइव्हमध्ये काय आहे ते स्वतः पाहावे. सी आणि डी दोन्ही. टॅलीचा डेटा, ईमेल, ब्राउझरमध्ये साठवलेले पासवर्ड, जुने फॉन्ट. श्रीलिपी किंवा इनपेजमध्ये काम केलेल्यांनी फॉन्ट विसरले तर फाइल असूनही वाचता येत नाही. मग लॅपटॉपचा मॉडेल नंबर घेऊन त्यात कोणती एसएसडी बसते ते बघावे. जुन्या यंत्रात अडीच इंची साटा, थोड्या नव्यात एम-डॉट-टूची खाच असते. त्या खाचेतही साटा आणि एनव्हीएमई असे दोन प्रकार आहेत. दिसायला सारख्या असल्या तरी एकाच्या जागी दुसरी चालेलच असे नाही. अनोळखी नावाची, अर्ध्या किमतीतली घेऊ नये. बाहेर २ टीबी लिहिलेले आणि आत ३२ जीबीची चिप, असा माल ऑनलाइनही मिळतो आणि लॅमिंग्टन रोडच्या फुटपाथवरही. एच-टू-टेस्ट-डब्ल्यू नावाचे छोटे फुकट सॉफ्टवेअर पूर्ण जागा भरून, परत वाचून खरे माप सांगते. नवी वस्तू आली की ते आधी चालवावे.

आणि काम होताना समोर बसावे. काढलेली डिस्क खिशात घालून घरी आणावी. चार-पाचशे रुपयांच्या केसिंगमध्ये ती घातली की बाहेरून जोडायची डिस्क तयार. लॅपटॉपला डीव्हीडी ड्राइव्ह असेल तर तो काढून त्या जागी कॅडीत बसवून आतच ठेवता येते. वेग एसएसडीचा, जागा हार्ड डिस्कची. फक्त ही आधीच सात-आठ वर्षे फिरलेली आहे, तेव्हा तिला एकमेव प्रत समजू नये.

छायाचित्रकार पीटर क्रोग यांनी लोकप्रिय केलेला एक नियम आहे: प्रती तीन, साधने दोन प्रकारची, आणि त्यांतली एक प्रत दुसऱ्या ठिकाणी. आपल्या घरांसाठी याचा अर्थ सोपा आहे. एक प्रत रोजच्या लॅपटॉपच्या एसएसडीवर. दुसरी बाहेरच्या हार्ड डिस्कवर, जी ईदला किंवा शाळेच्या सुटीत आठवणीने जोडून, दोन-चार फाइली उघडून बघायची. तिसरी दुसऱ्या गावातल्या भावाकडे किंवा बहिणीकडे. 'दुसऱ्या ठिकाणी' हे शब्द कोकणातल्या वाचकांना समजावून सांगायला नकोत. जुलै २०२१ मध्ये चिपळूणच्या बाजारपेठेत पाणी शिरले तेव्हा कपाटातला कागद आणि टेबलावरचा संगणक एकाच रात्री गेले. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला ९४४ मिलिमीटर पाऊस पडला, तेव्हा कुर्ला-कालिन्याच्या कितीतरी घरांतून असेच वाहून गेले.

तिसरी प्रत क्लाउडवर ठेवली तर चालेल का? चालेल, पण खाते कुणाच्या नावावर आहे ते बघा. गूगलमध्ये १५ जीबी फुकट मिळते. मात्र दोन वर्षे न वापरलेले खाते आतल्या सामानासकट हटवता येईल असे गूगलचे धोरण आहे आणि डिसेंबर २०२३ पासून ते लागू झाले. अब्बांच्या खात्यात सगळ्या खानदानाचे फोटो, अब्बा गेले, पासवर्ड त्यांच्याबरोबर गेला. दोन वर्षे शोक आणि वाटणीतच निघून जातात. त्यांच्या हयातीत एखाद्या मुलाचा नंबर त्या खात्याला जोडून ठेवणे हे पाच मिनिटांचे काम आहे. गंमत म्हणजे ज्या क्लाउडला आपण सर्वांत नवीन समजतो, तिथल्या मोठमोठ्या डेटा सेंटरमध्ये न हलणारी ढीगभर माहिती अजूनही फिरत्या हार्ड डिस्कवरच असते. आज जगात सीगेट, वेस्टर्न डिजिटल आणि तोशिबा या तीनच कंपन्या हार्ड डिस्क बनवतात आणि त्यांचे मोठे गिऱ्हाईक हेच आहे. ज्यांचा धंदाच साठवणुकीचा आहे त्यांनी हार्ड डिस्क सोडलेली नाही. त्यांनी फक्त रोजच्या धावपळीचे काम तिच्याकडून काढून घेतले.

राहिली शेवटी खरोखर बाद झालेली डिस्क. तीही तशीच भंगारवाल्याला देऊ नये. तिच्यावर आधार, पॅन, बँकेचे पासबुक, मुलींचे फोटो, सगळे आहे, आणि क्विक फॉरमॅट केल्याने यातले काही पुसले जात नाही, फक्त अनुक्रमणिका फाडली जाते. विंडोजमध्ये फॉरमॅट करताना 'क्विक'समोरची खूण काढावी. मग ते तबकडीभर शून्ये लिहीत जाते, दोन-तीन तास लागतात, रात्री लावून झोपावे. डिस्क चालूच होत नसेल तर हातोडी. लॅपटॉपच्या बऱ्याच डिस्कमधली तबकडी काचेची असते आणि फुटली की तिचे बारीक तुकडे उडतात, तेव्हा जाड गोणपाटात गुंडाळून, मुलांना लांब ठेवून फोडावी.